तेच दाणे दोनदा मोजायचे

रोह्याहून भाचीचा फोन आला तेव्हा मी पेणच्या घरी आजारी वहिनीसाठी मऊ भाताचे तांदूळ निवडत होते. "आत्या, आई गेली," एवढंच ती बोलली. मी रविवारी तिच्याकडे जाणार होते... वहिनीला एक गोष्ट सांगायची वीसेक वर्षं राहून गेली होती.

आम्ही गडब गावचे भातशेतीवाले. वहिनी खाडीकडच्या मिठागरात वाढलेली, सातवी शिकलेली. दादा वारल्यावर ती रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायला लागली. दहावी झालीस तर कायम करू, असं साहेब म्हणाले, आणि चाळिशीला टेकलेल्या वहिनीनं बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मी पेणच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून दर रविवारी एसटीनं माझ्याकडे यायची. मिठाचं तिला एका बैठकीत कळलं. सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो, मग दोघं एकमेकांना ओढून धरतात. अडलं ते सहसंयुज बंधापाशी. मिथेनमध्ये कोणी देत नाही, कोणी घेत नाही. कार्बनचे चार इलेक्ट्रॉन आणि चार हायड्रोजनांचा एकेक, यांच्या जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी दोघांची, हे मी वहीत किती वेळा काढून दाखवलं. "पन कार्बनचे आठ झाले, तर हायड्रोजनला दोन-दोन उरले कुठनं?" ती विचारत राहिली. एका रविवारी माझा तोल गेला. "तुझ्या डोक्यात मीठच भरलंय," मी म्हणाले. मिठागरातल्या बाईला हे म्हणायला नको होतं, हे बोलता बोलताच कळलं. तिनं वही मिटली, चहाचा कप विसळून ठेवला आणि निघून गेली.

त्यानंतर तीन रविवार ती आली नाही. शेवटी मीच रोह्याला गेले. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. मध्ये खडूनं काढलेला कार्बन, चार बाजूंना हायड्रोजन, आणि प्रत्येक बंधाच्या जागी कार्बनचा एक वाल, हायड्रोजनची एक चवळी. कार्बनभोवती बोट फिरवून तिनं आठ दाणे मोजले. मग त्याच दाण्यांवरून परत येत प्रत्येक हायड्रोजनचे दोन-दोन. "तेच दाने दोनदा मोजायचे, हे तू सांगितलंच नाय गो," ती शांतपणे म्हणाली. खरंच होतं. ते मला इतकं उघड वाटत होतं की मी कधी सांगितलंच नव्हतं. त्या वेळी तरी क्षमा मागायला हवी होती... मी जेवून परतले. ती दहावी झाली, कायमही झाली. पुढे निवृत्त होईपर्यंत मी मुलांना वाल-चवळी मांडूनच शिकवलं. मुलं म्हणायची, बाई किती छान समजावतात. ही युक्ती कुणाची, ते मी एकालाही सांगितलं नाही.

वहिनीच्या बाराव्यानंतर पाहुणे पांगले. स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळ्याला, तिचा प्रयोगशाळेतला पांढरा कोट अजून होता. कॉलर विरलेली, खिशात चष्मा. कोट कुणाला देऊ का, भाचीनं विचारलं. राहू दे, म्हटलं. ती बाहेर गेल्यावर मी कोटाची बाही हातात धरली. "चुकले गो मी," म्हणाले... पण ऐकायला तिथे कोणी नव्हतं.