शिरसाटभाऊ मोठ्यानं वाचायला लावत

शिरसाटभाऊ माझ्या कीबोर्डला कधीच हात लावत नसत. दोन्ही हात पाठीमागे बांधून खुर्चीमागे उभे राहत आणि म्हणत, "वाच. मोठ्यानं वाच." पडद्यावर चूक दाखवणारी लाल अक्षरं आली की मी घाबरून ती पुसून टाकणारी, आणि हे गृहस्थ मला पहिलीतल्या पोरीसारखी ती वाचायला लावणार. मला त्यांचा भयंकर राग येई.

राहुरीच्या त्या एका खोलीच्या कार्यालयात आम्ही दोघंच होतो. धरणातून नदीत पाणी सुटणार असलं की काठच्या लोकांना मोबाईलवर निरोप पाठवणारा एक साधासा सर्व्हर आम्ही चालवायचो. भाऊ पूर्वी टेलिफोन दुरुस्त करत. जावास्क्रिप्ट शिकले ते पन्नाशीनंतर. मी देवळाली प्रवऱ्याच्या बागायतदाराची पदवीवाली मुलगी. त्यामुळे कोड मी लिहायचा आणि चूक त्यांनी हुडकायची, अशी वाटणी आपोआप झाली होती. "पडलेल्याला उठवायच्या आधी का पडला ते इचार," हे त्यांचं पालुपद. मी मात्र सर्व्हर पडला की पुन्हा चालू करून मोकळी व्हायची.

फेब्रुवारीतली गोष्ट. खालचे बंधारे भरायला सहा वाजता नदीत पाणी सोडणार, असं आम्हाला चार वाजता कळलं. मी निरोप सोडला. चाळीस लोकांना गेला आणि सर्व्हर पडला. यादीत अजून शंभराच्या वर नावं होती. पुन्हा चालू केला. त्याच चाळिसांना पुन्हा गेला आणि पुन्हा पडला. नदीच्या पात्रात पाण्याच्या मोटारी काढायला कोण उतरलं असेल, म्हशी घेऊन कोण गेलं असेल, काही सुचेना.

"वाच," भाऊ मागून म्हणाले.

मी रडवेल्या आवाजात वाचलं. 'गट' वाचता येत नाही, कारण तो ज्यात असायला हवा तेच अनडिफाइन्ड, नोंदलेलंच नाही. म्हणजे कुणाच्या तरी नोंदीत जमीनच नव्हती, आणि माझा कोड निरोपात लिहायला प्रत्येकाच्या जमिनीचा गट नंबर मागत होता. पण जमीन नाही असा माणूस कोण? नोंद चुकली असणार, असं मी म्हणाले. निरोप न पाठवता नुसता तयार करायला आणि त्याआधी प्रत्येकाचं नाव छापायला भाऊंनी सांगितलं. नावं भराभर उतरत गेली आणि एकेचाळिसाव्याला थांबली. ऊसतोड टोळीचा मुकादम. आठवड्यापूर्वीच नोंदवलेलं नाव. टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पात्रातच, पाण्याच्या सोयीनं घातलेल्या.

मी कोड दुरुस्त करायला धावले. भाऊ म्हणाले, "ते मागून. आधी फोन लाव."

पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा वाजून वाजून बंद झाला. मी भाऊंकडे पाहिलं तर पाठीमागे बांधलेले हात सुटले होते आणि माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून होते. इतक्या वर्षांत ते हात मी प्रथमच नीट पाहिले, आणि मला आणखीच भीती वाटली. तिसऱ्यांदा मुकादमानं उचलला. सगळे उसाच्या फडात होते. कोप्यांवर फक्त पोरं आणि एक बाळंतीण. पाणी सुटणार म्हटल्यावर तो पळत सुटल्याचं फोनमध्ये ऐकू येत होतं.

मग मी ती एक ओळ बदलली: जमीन असेल तर गट नंबर लिही, नसेल तर नुसता निरोप दे. उरलेल्या सगळ्यांना तो गेला. साडेपाचला मुकादमाचा फोन आला. बाळंतिणीसकट सगळे वर चढले होते.

भाऊ खाली बसले. पाणी प्यायले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमी पाथर्डीकडचे. माझे आई-बाप ऊस तोडाया कोयत्यावर यायचे. असंच पात्रात ऱ्हायचो. एकदा पानी आलं. आमाला कुनी सांगितलंच न्हवतं."

"मग?" मी विचारलं.

"माझी धाकली बहीन कोपीत झोपली हुती."

त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही, मीही विचारलं नाही. गेल्या वर्षी भाऊ वारले. लाल अक्षरं आली की अजूनही माझा हात ती पुसायला जातो. पण आता खोलीत कुणी नसलं तरी मी ती मोठ्यानं वाचते, आणि सर्व्हर उठवायच्या आधी यादीतलं पुढचं नाव कुणाचं आहे ते बघते.