खंडेनवमीला उचललेला पाना

धाकट्या दिराचं तळवड्याला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज आहे. मी लग्न होऊन बीडकडून आले तेव्हा तो शाळेत होता. सासूबाई नव्हत्या, म्हणून त्याचा डबा मीच भरायचे. अजून भरते. शर्यत जवळ आली की तो घरी जेवायला येत नाही, मग डबा घेऊन मीच जाते.

शर्यत रस्त्यावरची नाही. घाटावर एक खासगी धावपट्टी आहे. तिथे दोन गाड्या शेजारी उभ्या करून सरळ सोडतात. वळण नाही, काही नाही. पापणी लवेपर्यंत संपतं म्हणे. मी कधी बघायला गेले नाही. तेवढा धीर नाही माझ्यात.

त्याच्या गाडीची ताकद मागच्या चाकांना जाते. त्यासाठी इंजिनापासून मागे, गाडीच्या पोटाखालून एक लांब लोखंडी दांडा फिरत असतो. त्याला शाफ्ट म्हणतात. उन्हाळ्यात सराव करताना तो पुढच्या सांध्यात तुटला. दिराने घरी एवढंच सांगितलं, "पार्ट गेला एक." पुढे मी डबा घेऊन गेले तर गाडीत सीटजवळ गोणपाट टाकलेलं. झटकावं म्हणून उचललं, तर खालचा पत्रा फाटून वर आलेला, डब्याचं झाकण उचकटावं तसा. भोकातून खालची जमीन दिसत होती. त्याचा पाय असतो त्याच्या अगदी शेजारी. मी गोणपाट होतं तसं ठेवलं. आमच्या यांना सांगितलं नाही. त्यांची चाकणला कंपनीत शिफ्ट, दिवसभर प्रेसखाली हात. डोक्यात असलं काही घेऊन त्यांनी तिथे उभं राहू नये.

मग दिराने जाड शाफ्ट घातला, मोठे सांधे घातले, मागची चाकं फिरवणारे एक्सलही बदलले. गॅरेजचे मिस्त्री चिखलीचे, वयस्कर. ते म्हणाले, "जाड घातला म्हंजी तुटायचाच न्हाई, असं न्हाई. तुटला तर खाली पडाया नगं. भवती कडं घाल."

कडं म्हणजे जाड पट्टीचा गोल. शाफ्ट त्यातून जातो. सांधा सुटला तरी दांडा कड्यात लटकून राहतो, जमिनीत रुतत नाही, वर पत्रा फाडत नाही. त्या दिवसापासून देवासमोर हात जोडले की मला ते कडंच दिसायचं.

कुदळवाडीत करायला टाकलेलं कडं आलं ते नेमकं खंडेनवमीला, दुपारी. सकाळीच पाने, हातोड्या, ड्रिल मशीन पुसून मांडून पूजा झाली होती. हळदकुंकू मीच लावलं होतं, झेंडू मीच वाहिला होता. पुजलेल्या हत्याराला आमच्याकडे दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी हात लावत नाही. आणि शर्यत दसऱ्याला सकाळीच होती. गाडी संध्याकाळी टेम्पोत चढवायची होती.

"राहू द्या मिस्त्री, आल्यावर बसवू," दीर म्हणाला. "नवा शाफ्ट आहे, काय होत नाही."

"आज हत्यार उचलायचं न्हाई. माझ्या बापानं कधी उचललं न्हाई. पन कड्याबिगर गाडी बी नेऊ नगंस."

"मग काय हातानं नट आवळू?"

"आवळ की. लई रग हाय न्हवं अंगात!"

दोघंही हसले. दीर टेम्पोवाल्याला फोन लावू लागला.

मी दाराशी उभी होते. मिस्त्रींशी मी कधी थेट बोललेच नव्हते. त्यांना चहा हवा का, हेसुद्धा दिराला विचारायला सांगायचे. बोलले नाही तर गाडी तशीच जाणार. मी चप्पल काढून आत गेले. ताटात अक्षता उरल्या होत्या. गणपती उठवताना अक्षता वाहून मूर्ती जागची हलवतात, तशा मी त्या हत्यारांवर वाहिल्या. मोठा पाना जागचा जरासा सरकवला आणि उचलला. कुंकू तसंच होतं, ग्रीसला झेंडूची पाकळी चिकटलेली. तो मिस्त्रींपुढे धरला.

"उठवलंय," मी म्हणाले. "घ्या आता."

"अहो वहिनी! असं चालतं का?" दीर ओरडला.

"मला नाही माहीत."

मला वाटलं, आता मिस्त्री रागावतील. त्यांनी पाना घेतला, कपाळाला लावला आणि दिराला म्हणाले, "ठेव त्यो फोन. जॅक लाव. वहिनीनं उठवलंय तर उठलंय."

कडं बसेपर्यंत मी तिथेच होते. आता एक सोडून दोन गोष्टींची भीती होती. शाफ्टची होतीच. शिवाय उद्या काही वाईट झालं तर ते पूजा मोडल्यामुळे, म्हणजे माझ्यामुळे.

दसऱ्याला पुऱ्या लाटताना फोन ओट्यावरच ठेवला होता. यांनी विचारलं, "बरं नाही का तुला?" मी पीठ मळायला लागले, तर ते आधीच मळलेलं होतं. फोन आलाच नाही.

संध्याकाळी दीर दारात उभा, हातात आपट्याची पानं. काही तुटलं नव्हतं. तो सोनं देऊन पाया पडला आणि मी त्याचं ताट वाढायला घेतलं.

"खरं सांगू वहिनी?" तो जेवायला बसत म्हणाला. "इतके दिवस जरा हात राखूनच सोडायचो. आज कडं होतं ना खाली, भीतीच वाटली नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. आता मिस्त्रींना म्हटलंय, मोठा टर्बो घालू. ताकद दुप्पट होईल."

मी पळी खाली ठेवली.

"आणि ते कडं? त्याला एवढं सोसेल का?"

"ते बघावं लागेल," तो म्हणाला, आणि ताट पुढे केलं.