ग्रेनाडाच्या बंदरातला पिवळा झेंडा

लेक श्वेता ग्रेनाडा बेटावर डॉक्टरकी शिकते. दोन वर्षं तिला जवळ घेतलं नव्हतं, म्हणून या हिवाळ्यात पांढुर्ण्यातलं कापडाचं दुकान दिराच्या हवाली करून आम्हीच निघालो. नागपूरहून विमानं बदलत शेजारच्या सेंट व्हिन्सेंटला पोचलो. पुढेही विमान होतं, पण यांना शिडाच्या बोटीतूनच जायचं होतं. जाणार असाल तर सोबती जोडा, खर्च वाटला जातो. आणि उलटीची गोळी आधी घ्या. मी नंतर घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेंट जॉर्जेस दिसलं. घोड्याच्या नालेसारखं बंदर, चढावर लाल छपरं, आणि धक्क्यावर हात हलवणारी श्वेता. मला रडूच फुटलं. कप्तानानं तपासणी बाकी असल्याचा पिवळा झेंडा चढवून बजावलं, "हा वर आहे तोवर कुणी उतरायचं नाही." मग पासपोर्ट घेऊन तो छोट्या होडीतून कचेरीत गेला.

आता हे पांढुर्ण्याचे, मी नदीपलीकडच्या सावरगावची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीतल्या झेंड्यासाठी आमच्या दोन गावांत गोटमार, म्हणजे दगडफेक, चालते. झेंडा उतरला की दगड थांबतात आणि सगळे मोकळे. त्याच हिशेबानं यांनी झेंड्याची दोरी सोडून तो खाली घेतला.

"काय करून राहिले जी?"

"अवं, झेंडा उतरला का झालं. पोरगी उभी आहे तिकडं."

कचेरीच्या खिडकीतून बोट स्पष्ट दिसत होती. कप्तान परतला तो संतापूनच. झेंडा पुन्हा वर, तपासणी उद्यावर, आम्ही बोटीतच. धक्का इतका जवळ की श्वेताची हाक ऐकू येत होती.

"बाबा, कोणी काढला जी झेंडा?"

"तुह्या मायनं," हे खुशाल म्हणाले.

ती हसता हसता रडायला लागली. मला तर यांना पाण्यात ढकलावंसं वाटत होतं.

सकाळी परवानगी आली. झेंडा कप्तानानं उतरवला. हे हात मागे बांधून उभे. धक्क्यावर मी श्वेताला सोडतच नव्हते. मग तिघं बाजारात हिंडलो, जायफळाचं आइस्क्रीम खाल्लं. चणा-बटाटा भरलेली रोटी इथे सहज मिळते, त्यामुळे शाकाहाऱ्यांचं पोट भरतं. किल्ल्याचा चढ उभा आहे, चपला धड घाला.

परवा श्वेता सुट्टीत घरी आली. यांनी फाटकाला माझी पिवळी ओढणी बांधून ठेवली होती. ती बॅगा घेऊन बाहेरच थांबली.

"उतरवू का जी बाबा?"

"थांब, तुह्या मायले विचारतो."

विचारायला मी जागेवर होते कुठे? पोरीला कवटाळून केव्हाची रस्त्यावर उभी होते. ओढणी अजून फाटकालाच आहे.