सात ओढ्यांचा राखणदार

बेडूकमामा म्हणजे जंगलखात्याचा पहारेकरी. डोंगरातल्या सात ओढ्यांवर उरलेले बोटभर बेडूक त्यानं बावीस वर्षं पोटच्या पोरांसारखे जपले. सहलीवाले दिसले की असा खेकसायचा, की पुन्हा कोणी तिकडं फिरकत नसे. तरी एकेक ओढा मुका होत गेला.

आज शेवटचा बेडूकही मेलेला सापडला. तो तपासायला आलेल्या शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, "मामा, ही बुरशी आहे. एका ओढ्याचा चिखल दुसऱ्यात गेला की पसरते. सातही ओढ्यांवर कोण जातं?"

"माझ्याशिवाय कोणाची टाप आहे तिथं पाय ठेवायची!" सवयीनं तो गरजला.

बाईंची नजर त्याच्या पायांकडे गेली. मामानं सावकाश खाली पाहिलं. त्याच्या बुटांवरचा चिखल अजून ओला होता.