बाईंच्या भिंतीतलं विरजण

बाई रुमालसुद्धा उकळून घ्यायच्या. पाणी, दूध, चमचे, फडकी यांचं तर सोडाच, दवाखान्यातून आणलेल्या औषधाच्या बाटलीचं बूचही त्यांच्या पातेल्यातून सुटत नसे. शाळेतल्या मुलींनी त्यांचं नाव 'उकळीबाई' ठेवलं होतं आणि ते त्यांना चांगलं माहीत होतं. "ठेवू देत," त्या म्हणायच्या, "त्या निमित्ताने का होईना, पाणी उकळून प्यायचं असतं एवढं लक्षात राहील." त्या विज्ञान शिकवायच्या, मी त्याच शाळेत मराठी, आणि सावेडीला त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहायचे. तेव्हाची सावेडी म्हणजे नगरच्या बाहेर तुरळक घरं आणि मग शेतंच शेतं. इतक्या शांत जागी राहून बाईंच्या स्टोव्हचा फरफराट मला उजाडायच्या आत ऐकावा लागे. खरं सांगते, मला त्याचा फार राग यायचा.

कारण कळलं तेव्हा राग गेला. बाईंचं सासर पुणतांब्याचं. मुलगा नुकता शाळेत जायला लागला होता तेव्हा त्या त्याला घेऊन तिकडे गेल्या होत्या. उन्हातून आल्याबरोबर त्याने पाणी मागितलं. बाई चूल पेटवायला निघाल्या तशी सासू हसायला लागली. "गोदावरीचं पानी हाय ते, कोन उकळतंय हितं? तुमी शिकलेल्या लई भेकड बाई." चारचौघांत हसं नको म्हणून बाईंनी तांब्या भरला आणि स्वतःच्या हाताने पोराला पाजला. पटकीने तो गेला. नवराही पुढे फार वर्षं जगला नाही. हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, पातेलं घासता घासता. "विज्ञान मी तेव्हाही शिकवत होते, विमल. मला ठाऊक होतं गं." त्यानंतर 'जंतू' हा शब्द त्या भाऊबंदकीतल्या वैऱ्याचं नाव घ्यावं तसा घेत.

माझ्या खिडकीच्या बाजूच्या दगडी भिंतीत एक भोक होतं. त्यातून मेणाची बारीक नळी बाहेर आली होती आणि तिच्या तोंडाशी चिलटाएवढ्या काळ्या माश्या येत-जात असायच्या. मला त्या चिलटंच वाटल्या. एका रविवारी मी रॉकेलची बाटली घेऊन निघाले तर बाईंनी माझा हात धरला. "मधमाश्या आहेत त्या. नांगीसुद्धा नाही त्यांना. कुणाचं वाईट करायची ताकदच देवाने दिलेली नाही, त्यांना कशाला मारतेस?" धुणंभांड्याला येणारी कौसाबाई पाथर्डीकडची, ऊसतोडीला येऊन इकडेच राहिलेली. तिने त्या लगेच ओळखल्या. "ह्यांचा मध आंबाट असतोय बाई. आमच्याकडं डोळ्यात घालत्यात."

आंबट मध म्हटल्यावर बाईंना राहवेना. त्यांनी भिंतीतला एक दगड हलक्या हाताने सैल केला. आत नेहमीचं पोळं नव्हतंच. काळपट मेणाचे बोराएवढे बुधले एकाला एक चिकटून बसले होते, काहींत मध, काहींत फुलांचा पराग ठासून भरलेला. बाईंनी एका बुधल्यात बोट बुडवलं आणि चाटलं. बाटलीचं बूच उकळणाऱ्या बाई. मी बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी तो मध शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली गेला आणि मलाही बघायला बोलावणं आलं. मला त्यातलं काय कळणार? लांबट गोल मण्यांसारखं काहीतरी दिसलं, एखाद्या मण्याला बाजूने इवलासा कोंब फुटलेला. "जिवंत आहे ते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. परागात पाहिलं तर तिथेही बारीक काड्यांसारखे दुसरेच कुणीतरी. मला वाटलं, आता घरी जाऊन या बाई त्या भोकात उकळतं पाणी ओतणार.

त्यांनी तसं काही केलं नाही. पुढे कितीतरी दिवस शाळा सुटली की त्या काचपट्ट्या घेऊन बसायच्या. माश्या पराग ठासतात, वरून बुधला बंद करतात, मग तो आत आंबतो, पण नासत नाही, आणि तेच खाऊन पिल्लं वाढतात, असं त्यांनी हळूहळू जुळवत आणलं. एरवी मोजकं बोलणारी ही बाई मला स्वयंपाकघराच्या दारात अडवून सांगायची, "लोणचं मुरवतात गं त्या. आणि मुरवणारे कोण, तर हे." एक दिवस माझ्या पानात त्यांनी दही वाढलं. त्या घरात मी कधी दही पाहिलं नव्हतं, कारण कुणाकडून तरी विरजण आणायचं म्हणजे बाईंच्या अंगावर काटा यायचा. "सगळेच वैरी नसतात, विमल," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी मुलींना अर्धंच शिकवलं." बोलताना त्या हसल्या. उगाच नाही सांगत, त्यानंतर काही महिने स्टोव्ह उजाडल्यावर पेटू लागला. ज्या जंतूंनी पोर नेलं त्यांच्याच भाऊबंदांच्या जिवावर भिंतीत एक संसार चालला होता, आणि तो बघून या बाईला स्वतःचं जगणं थोडं सोसवू लागलं होतं. त्या माश्या म्हणजे तिचा पुन्हा बसू लागलेला विश्वास होता. मला ते दिसत होतं आणि त्याची भीतीही वाटत होती.

मग तो दुष्काळ आला. नगर जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही, पण तो वेगळाच होता. सावेडीची शेतं उघडी पडली, विहिरींचा तळ दिसला, कौसाबाईचा नवरा खडी फोडायला गेला. नळीच्या तोंडाशी माश्या तुरळक दिसू लागल्या. बाईंनी दगड काढून पाहिलं तर बहुतेक बुधले रिकामे होते आणि उरलेल्यांवर काळी बुरशी चढली होती.

दुसऱ्याच दिवशी त्या एस.टी.ने पुणतांब्याला गेल्या. पोर गेल्यापासून त्यांनी त्या गावात पाय ठेवला नव्हता. पण तिकडे कालव्याच्या कडेला थोडा मका उभा आहे असं त्यांनी ऐकलं होतं. शेत पुतण्याचंच. तो म्हणाला, "काकू, तुमी? लई वर्सांनी आलात." चहाला थांबा म्हणून त्याने आग्रह केला, पण त्या थांबल्या नाहीत. मक्याचे तुरे झटकून झटकून त्यांनी पिशवीभर पिवळा पराग आणला. परत आल्या तेव्हा केसांत, भुवयांत सगळीकडे पराग, आणि डोळ्यांत कितीतरी दिवसांनी जीव.

रविवारी सकाळी सगळं मांडलं. भिंतीतल्या माश्या आणि त्यांची पिल्लं लाकडाच्या पेटीत हलवायची असं ठरलं. बाईंनी बुरशीचे बुधले एकूण एक खरवडून फेकून दिले. पेटी उकळत्या पाण्याने धुतली. साखरेचा पाक उकळला. मक्याचा पराग कुकरमध्ये वाफवून घेतला. कौसाबाई दारात बसून बघत होती. "आता माशाबी उकळायच्या का काय, बाई?" आम्ही तिघी पोट धरून हसलो, बाई तर सगळ्यांत जास्त.

माश्यांनी पराग घेतला. काही दिवस बरी लगबग चालली आणि बाई शाळेतून धावत घरी येऊ लागल्या. मग म्हाताऱ्या माश्या पेटीच्या तळाशी मरून पडू लागल्या आणि त्यांच्या जागी नव्या काही दिसेनात. बाईंनी पिल्लाची मेणाने बंद केलेली एक कुपी उघडली. आतलं अन्न पाण्यासारखं पातळ झालेलं, त्याला कुजका वास, आणि अळी मेलेली. दुसरी उघडली, तीच गत. त्यांनी थेंबभर काचपट्टीवर घेतलं आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहिलं. मग त्यावर कापड घातलं आणि खुर्चीत बसून राहिल्या.

"आपले ते मुरवणारे कुणीच नाहीत गं यात," त्या म्हणाल्या. "विरजण मीच खरवडून फेकलं. दही विरजणाशिवाय लागत नाही हे पाचवीच्या पोरींना शिकवते मी."

मी म्हटलं, "बाई, सगळा जिल्हा होरपळतोय. त्या आधीच मरायला टेकल्या होत्या."

"दुष्काळावर ढकलू नकोस," त्या शांतपणे म्हणाल्या. "तेव्हा उकळलं नाही म्हणून गेला. आता उकळलं म्हणून गेल्या. कधी काय करायचं ते माझ्या हातांना कळतच नाही."

कदाचित बाईंचं बरोबर असेल, कदाचित माश्या कशाही गेल्याच असत्या. मी मराठीची मास्तरीण, मला त्यातलं कितीसं समजणार? पण एखाद्याने स्वतःला दिलेली शिक्षा दुसऱ्याच्या सांगण्याने माफ होत नाही, एवढं मला त्या खोलीत समजलं. मी तिथेच रडले. बाई रडल्या नाहीत.

पेटी रिकामी झाली त्या आठवड्यात त्यांनी कुठून तरी पाटीभर सिमेंट आणलं आणि भिंतीतलं भोक स्वतः बुजवलं. मी म्हटलं, राहू द्या, पाऊस पडला की दुसऱ्या येतील. "म्हणूनच बुजवतेय," त्या म्हणाल्या आणि थापी फिरवत राहिल्या. वर्ष संपायच्या आत त्यांनी नोकरी सोडली, घर विकलं आणि नेवाशाला बहिणीकडे राहायला गेल्या. मी नव्या मालकाची भाडेकरू म्हणून तिथेच राहिले.

पुढे पाऊसपाणी बरं झालं. एका श्रावणात माझ्या खिडकीशी त्या बारीक काळ्या माश्या दिसल्या. सिमेंटच्या ठिगळाभोवती त्या घोटाळत होत्या, त्यावर बसत होत्या, पुन्हा उडत होत्या. छिन्नी घेऊन ते फोडावं असं मनात आलं, पण बाईंना विचारल्याशिवाय हात उचलेना. शाळेला सुटी मिळाली तशी मी नेवाशाला जायचं ठरवलं, पण निघायच्या आदल्या दिवशी पाहते तर भिंतीपाशी एकही माशी नव्हती. तरी मी गेले.

बाई पडवीत बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई स्वयंपाकघरात येतच नाही बघ. पाणीसुद्धा मागून घेते. कशाला हात लावत नाही." मी बाईंजवळ बसले आणि सांगितलं, माश्या आल्या होत्या.

"त्याच जागी?"

"त्याच. बरेच दिवस फिरत होत्या. फोडू का म्हणून विचारायला येणार होते."

"फोडलं नाहीस ना?" त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"नाही. गेल्या त्या."

बाईंनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "बरं झालं. दुसऱ्या कुणाच्या तरी भिंतीत जगतील आता."

त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. त्याहून वाईट मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.