कमी केलेलं नाव

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला फीमाफी मिळाली तरच माझं शिक्षण पुढे सरकणार होतं. नाही तर बसा घरी. बसायला घर तरी कुठे होतं म्हणा! दांडी गावात वडिलांची मासेमारीची बोट आहे आणि त्यांनी माझ्यासाठी बघितलेला मुलगाही बोटवालाच होता. मी नाही म्हटलं. "मंग तुजी तू," एवढंच बोलून ते जाळ्याकडे वळले. मी बोईसरला खोली घेतली. सकाळी पालघरला कॉलेज, दुपारनंतर कारखान्याच्या लॅबमध्ये पाळी. पगार खोलीत आणि जेवणात जायचा.

फीमाफीच्या फॉर्मवर पालकांच्या उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता. वडील तो देणार नव्हते आणि दिला असता तरी काय, बोट त्यांच्या नावावर, म्हणजे कागदावर ते शेठ. कॉलेजच्या ऑफिसातल्या मॅडमना मी म्हटलं, "मॅडम, मी माझं मी कमावते. माझाच दाखला घ्या ना."

"लग्न झालंय?"

"नाही."

"मग वडिलांचाच लागतो."

सव्वीस वर्षांची घोडी मी, आणि माझा पगार कुणाच्या खिजगणतीतच नाही! असा संताप आला होता. शेवटी त्यांनाच माझी दया आली. म्हणाल्या, तुझ्या एकटीचं वेगळं रेशनकार्ड काढ, मग तुझ्या पगारावर दाखला मिळेल. त्यासाठी आधी घरच्या कार्डावरून माझं नाव कमी करून आणायचं होतं.

त्या कार्डावर कुटुंबप्रमुख आई आहे. आमच्या घरात आईला प्रमुख म्हणणारी तेवढी एकच जागा. अर्ज तिनेच द्यायचा होता. मला सुट्टी मिळेना, म्हणून मी तिला फोनवर चार वेळा समजावलं. वडील समुद्रावर गेले तेव्हा मासळीची पाटी शेजारणीच्या हवाली करून ती एकटी सरकारी ऑफिसात गेली. अख्खा बाजार गाजवणारी बाई, तिथे म्हणे तोंडातून शब्द फुटेना. पण नाव कमी केल्याचा दाखला घेऊन थेट माझ्या खोलीवर आली. "घे. झाला तुजा काम," म्हणाली. चहासुद्धा न घेता गेली, वडील परतायच्या आत पोचायचं होतं.

नवं रेशनकार्ड निघेपर्यंत फॉर्म तरी जाऊ दे, म्हणून मी घाईघाईत तो न वाचताच जोडला. वाचला मॅडमनी.

"अगं, नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला कुठाय?"

"कुठला नवरा?"

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. नाव कमी करण्याचे कारण: विवाह.

मी धावत रेशनच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, कारण बदलून मिळत नाही, हवं तर नाव परत चढवा. परत चढवलं की मी वडिलांच्या घरातली, नाही चढवलं तर न झालेल्या नवऱ्याच्या. आणि गंमत बघा, लग्नाचा पुरावा आईकडे कुणीही मागितला नव्हता. मुलगी नवऱ्याकडे गेली म्हटलं की झालं. स्वतःच्या पायावर उभी आहे म्हटलं की मात्र कागदांची चळत आणा. आणखी दोन ऑफिसं पालथी घातली. उपयोग शून्य.

फॉर्मची मुदत संपली त्या संध्याकाळी मी आईला फोन लावला आणि वाट्टेल ते बोलले. तुला साधं एक काम सांगितलं होतं, तुलाही माझं लग्नच लावायचं होतं ना, म्हणून मुद्दाम सांगितलंस, माझं शिक्षण बुडवलंस तू. मी थांबल्यावर ती म्हणाली,

"त्या मानसानं दोनच कारनं इचारली गं. लगीन, नाय तर मयत. मंग काय, मयत सांगू?"