पांढऱ्या पायाचा एवारिस्तो

एवारिस्तो पाल्यारोचं नाव आमच्या व्हिया ओम्बू गावात कुणी मोठ्याने घेत नसे. घ्यायची वेळ आलीच, तर बायका लाकडाला हात लावत आणि पुरुष डावा हात पँटच्या खिशात घालत. खिशात नेमकं काय चाचपत, ते मी सांगत बसत नाही. माणूस म्हणाल तर गरीब गाय. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. पुढे शिलाई मशीन दुरुस्त करायला लागला आणि गावाचा ‘मास्तर’ झाला. बोलताना टोपी काढायचा आणि रोज सकाळी माझ्या बेकरीत दोन गोड पाव घ्यायचा. त्याचा गुन्हा एकच होता. तो ज्या मैदानात पाऊल टाकी, तिथला संघ हरे.

माझी बेकरी गल्लीच्या मधोमध आहे. दारातून बाहेर पडलं की डावीकडे मोलिनो, म्हणजे ‘गिरणी’, या फुटबॉल क्लबचं हिरवं फाटक, उजवीकडे एस्पेरांसाचं लाल. दोन्ही चाळीस पावलांवर. पूर्वी हा एकच क्लब होता. १९११ साली दोन साडू मॅचनंतर चेंडू कुणी घरी न्यायचा यावरून भांडले, आणि एकाने शेजारच्या जागेत आपलं वेगळं मैदान आखलं. तेव्हापासून भिंतीपलीकडे गेलेला चेंडू कुणी परत केलेला नाही. आमच्याकडे त्यांचे एकसष्ट आहेत. त्यांच्याकडे आमचे किती, ते ते सांगत नाहीत, चोर लेकाचे.

लोक विचारतात, शेजाऱ्याशीच एवढं वैर कशाला? अहो, मग कुणाशी धरायचं? लांबच्या गावचा क्लब जिंकला तर आम्ही ‘बरं’ म्हणतो आणि जेवायला बसतो. लांबच्या गावचा माणूस सोमवारी सकाळी माझ्या दुकानात येऊन पाव निवडता निवडता शीळ घालत नाही. एस्पेरांसाचा घालतो.

आम्ही मोलिनोवाले, एवारिस्तोही मोलिनोचाच. तो जन्मला तेव्हा बापाने आधी क्लबात जाऊन पोराचं सभासद कार्ड काढलं, मग जन्माची नोंद केली. त्याच रविवारी बाळाला दुपट्यात गुंडाळून मैदानात नेलं आणि मोलिनोने सहा गोल खाल्ले. तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे वर्षानुवर्षं हिरवा संघ हरत राहिला आणि एवारिस्तो रविवारची एकही मॅच न चुकवता बघत राहिला. मग पन्नाशीला त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दोन महिने तो खाटेवर, आणि त्या दोन महिन्यांत मोलिनो ओळीने सात मॅच जिंकला. झालं. सगळ्या गावाची ट्यूब पेटली.

क्लबचे अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर सुनिनो. ते कमिटीला घेऊन माझ्याच बेकरीत आले आणि एवारिस्तोसमोर बसले.

“मास्तर, क्लबवर तुमचं प्रेम आहे ना?”

“हा काय प्रश्न झाला, डॉक्टर?”

“मग एक करा. पलीकडे जाऊन बसा.”

“पलीकडे म्हणजे?”

“एस्पेरांसात. त्यांचं कार्ड काढा, दर रविवारी जा. तुमचे पाय त्यांच्या मैदानात पडू देत. याहून मोठी सेवा आजवर कुणी केली नसेल.”

एवारिस्तोने टोपी काढली, परत घातली, परत काढली. कमिटी गेल्यावर तो माझ्या पिठाच्या पोत्यावर बसून रडला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी त्याला थांबवलं नाही. मलाही मोलिनो जिंकायला हवा होता.

अशी अकरा वर्षं गेली. डाव्या खिशात हिरवं कार्ड, उजव्या खिशात लाल. आपल्या मैदानातला आरडाओरडा भिंतीपलीकडून ऐकायचा आणि इकडे शत्रूच्या गोलला उठून टाळ्या वाजवायच्या. त्यातून शेजारच्या खुर्चीवर पहिल्या दिवसापासून ओलेगारियो नावाचा एक निवृत्त ट्राम ड्रायव्हर. हा गडी नव्वद मिनिटं मोलिनोच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, वर भोपळ्याच्या पेल्यातला ‘माते’ नावाच्या पानांचा कडू काढा नळीसकट पुढे करायचा.

“घे, पी. त्या हिरव्यांचा गोलकीपर बघितलास? आंधळा परवडला.”

“हं,” एवारिस्तो म्हणायचा.

“त्यांच्या अध्यक्षाने माझी चांगली दाढ उपटली आणि किडकी ठेवली. क्लबही तसाच चालवतो.”

“हं.”

मग एवारिस्तो माझ्याकडे येऊन सोड्याचं पाणी मागायचा. म्हणायचा, “नेलिदा, उत्तरं गिळून गिळून माझं पोट बिघडलंय गं.” अकरा वर्षांत एस्पेरांसाला काही मिळालं नाही, म्हणून डॉक्टर सुनिनो खूश होते. आपल्यालाही काही मिळालं नाही, हे कमिटीत कुणी बोललं नाही.

आणि मग तो रविवार आला. मोसमातला शेवटचा दिवस, सगळ्या मॅच एकाच वेळी, आमची आमच्या मैदानात आणि त्यांची त्यांच्या, दोन्ही बाहेरगावच्या संघांशी. आम्ही पहिल्या नंबरावर. जिंकलो की वरच्या विभागात. ते तळाला. हरले की खालच्या विभागात. आमच्या लोकांनी पुठ्ठ्याची शवपेटी करून लाल रंगवली होती. संध्याकाळी एस्पेरांसाची अंत्ययात्रा गल्लीतून निघायची होती. मी स्वतः थडग्याच्या आकाराचा केक केला आणि त्यावर क्रीमने त्यांचं नाव काढलं, फार मन लावून.

सुनिनो सकाळीच एवारिस्तोला गाठून म्हणाले, “मास्तर, आज पहिल्या रांगेत बसायचं.”

ते गेल्यावर एवारिस्तो केककडे बघत राहिला. “नेलिदा, आपण वर गेलो, ते खाली गेले. मग पुन्हा गाठ कधी पडायची?”

“कशाला पडायला हवी? सुंठीवाचून खोकला गेला.”

“आणि सोमवारी सकाळी?”

“सोमवारी मी सुखाने पाव विकेन. जा, उशीर होतोय.”

तो गेला. मी रेडिओ लावला. मध्यंतराला मोलिनो एका गोलने पुढे, एस्पेरांसा एका गोलने मागे. सगळं मनासारखं चाललं होतं, तरी मी पुसलेलाच काउंटर पुन्हा पुसत होते.

तिकडे काय घडलं ते मला नंतर कळलं. ओलेगारियो त्या दिवशी एकही शिवी देत नव्हता. नुसता गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. एवारिस्तोला ते बघवेना. तो उठला.

“मी जातो.”

“बस,” ओलेगारियो म्हणाला. मग त्याने कोटाच्या खिशातून घोड्याची नाल काढली, घासून चकचकीत झालेली. “अकरा वर्षं वागवतोय. तू कोण ते आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आमच्या कमिटीने मला तुझ्या शेजारी बसवलं. लोखंड आणि मी, दोघांनी मिळून तुला अडवायचं.”

“मग मला हाकललंत का नाही?”

“अरे, कार्ड काढलंयस तू. सभासदाला हाकलायचं कसं? आणि पुढे पुढे... काढा एकट्याने पिण्यात मजा नाही.”

“आज नाल चालत नाहीये.”

“नाही चालत.”

“म्हणून म्हणतो, जाऊ दे मला.”

लाल फाटकातून बाहेर पडून तो माझ्या दारात उभा राहिला. डोक्यावर टोपी नव्हती, तिकडेच राहिली होती. त्याच्या हातात हिरवं कार्ड होतं, कडा झिजलेलं.

“नेलिदा, मला माझी टीम बघायचीय. अकरा वर्षं झाली. अर्धाच तास.”

मी काय करायला हवं होतं, ते गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. दार लावून त्याला कोंडायचं. आरडाओरडा करून सुनिनोंना बोलवायचं. माझा हात लाकडी काउंटरकडे गेलासुद्धा. मग मला तो शीळ घालणारा सोमवार आठवला, आणि त्यामागून येणारे बिनशिळेचे सगळे सोमवार दिसले.

“कार्ड तुझंच आहे ना?” मी म्हटलं. “मग मला काय विचारतोस? जा.”

तो डावीकडे वळला. चाळीस पावलं.

पाच मिनिटांत आमच्याविरुद्ध गोल झाला. पंधरा मिनिटांत दुसरा. शेवटच्या मिनिटाला रेडिओवाला ओरडला की एस्पेरांसाने बरोबरी साधली. भिंतीच्या एका बाजूला लोक नाचत होते, दुसऱ्या बाजूला डॉक्टर सुनिनो फाटकाला टेकून खाली बसले होते. आम्ही वर गेलो नाही, ते खाली गेले नाहीत. शवपेटी कुणीतरी क्लबच्या माळ्यावर ठेवली. पुढच्या वर्षी कामाला येईल.

सोमवारी सकाळी दारात शीळ ऐकू आली. ओलेगारियो, हातात एवारिस्तोची टोपी घेऊन. एवारिस्तो कोपऱ्यातल्या टेबलावर तोंड लपवून बसला होता. मोलिनोच्या कमिटीने त्याचं नाव टाकलं होतं, म्हणजे आधी नुसतं घेत नव्हते, आता ओळखही दाखवत नव्हते.

ओलेगारियोने काचेच्या कपाटातला थडग्याचा केक मागितला, एवारिस्तोसमोर बसून आपल्या क्लबचं नाव असलेला तुकडा स्वतःच्या ताटात घेतला आणि काढ्याचा भोपळा पुढे सरकवला.

“काल बघितलंस तुमचं ते हिरवं दळण? माझी मेलेली सासू त्यांच्यापेक्षा जोरात धावते.”

एवारिस्तोने टोपी घातली. भोपळा बाजूला सारला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला गप्प बसायचं कारण नव्हतं.

“तुझी सासू,” तो म्हणाला, “एस्पेरांसाच्या फॉरवर्डपेक्षाही जोरात धावते, गाढवा. आणि आमचे चेंडू परत करा.”

त्यानंतर दुपारपर्यंत त्याचं तोंड थांबलं नाही. त्याने माझ्याकडे सोड्याचं पाणीही मागितलं नाही.